‘पूर्ण’ कुणी दाबलं

१

माणूस चेंबरमध्ये खाली होता आणि स्क्रीनवर त्याचं काम ‘पूर्ण’ झालेलं होतं.

पाणीपुरवठ्याच्या त्या कार्यालयात मी गेले तेव्हा ही गोष्ट होऊन महिना उलटून गेला होता. दुरुस्ती पथकातला सगळ्यात जुना फिटर, ज्याला शिपायापासून इंजिनियरपर्यंत सगळे दादाच म्हणत, मेन लाईनचा सांधा बदलायला रस्त्याखालच्या चेंबरमध्ये उतरला होता. त्या लाईनचं पाणी कंट्रोल रूमने आधीच बंद केलेलं होतं. तो खाली असतानाच कंट्रोल रूमने वॉल्व्ह उघडला. उघड्या सांध्यातून आलेल्या त्या लोंढ्यापुढे माणसाचं काय चालणार? त्याला वर काढलं तेव्हा सगळं संपलेलं होतं.

वॉल्व्ह उघडणारा दादाचा सख्खा धाकटा भाऊ होता.

मला मात्र यासाठी कुणी बोलावलं नव्हतं. माझा धंदा निराळा. एखादं जुनं सॉफ्टवेअर बदलायचं ठरलं की नवं करणाऱ्यांच्या आधी मी जाते. लोक त्या जुन्यावर कसं काम करतात, कुठे अडतात, कुठे चडफडतात, कुठली पळवाट काढतात, ते शेजारी खुर्ची टाकून बघत बसते. घर पाडायच्या आधी त्यातली तुटकी पायरी घरची माणसं कशी ओलांडतात ते पाहून ठेवावं, नाहीतर नव्या घरातही ती तिथेच तुटते. लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं बाई रिकामटेकडी आहे. त्या कार्यालयात दुसऱ्याच दिवशी मला ‘पंचनामाबाई’ असं नाव पडलं, आणि ते मला आवडलंही.

सुपरवायझरने आधी तोंड वाकडं केलं. जुनं टाकाऊ आहे हे आम्हाला ठाऊक आहे, ते तपासून काय मिळणार, नवं कधी देता तेवढं सांगा, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, रोगी दगावला तरी रोग कळायला हवा. बोलून गेले आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं, कारण त्याचा चेहरा एकदम उतरला. मग त्यानेच सगळी हकिकत सांगितली.

“मॅडम, बघताच आहात तर एवढं बघा,” तो शेवटी म्हणाला. “दादा खाली होता. त्याचा फोन वर गाडीत होता. मग ‘पूर्ण’ दाबलं कुणी?”

२

त्या सॉफ्टवेअरची रीत अशी. प्रत्येक दुरुस्तीची एक ओळ. फिटरने फोनवर काम हातात घेतलं की कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ती पिवळी होते आणि त्या भागाचं पाणी बंद केलं जातं. काम झालं की फिटर ‘पूर्ण’ दाबतो, ओळ हिरवी होते आणि पाणी पुन्हा सोडलं जातं. शेंबड्या पोरालाही समजावं इतकं सोपं.

‘पूर्ण’ दादाच्या फोनवरूनच दाबलं गेलं होतं, यात वाद नव्हता; फक्त नेमकी वेळ ते सॉफ्टवेअर ठेवत नव्हतं. तो फोन नंतर गाडीच्या डॅशबोर्डवर सापडला, कोरडा ठणठणीत. आणि गाडीजवळ होता फक्त दादाचा जोडीदार. तो उंचीने दाराच्या चौकटीला लागेल असा आणि तेवढाच आडवा, म्हणून अर्थातच त्याचं नाव बारक्या.

म्हणजे संशय दोघांवर. एक तर बारक्याने चुकून किंवा मुद्दाम बटण दाबलं, किंवा धाकट्याने ओळ पिवळी असतानाच पाणी सोडलं आणि मागाहून काहीतरी फिरवाफिरव केली. कार्यालयाने धाकट्याला घरी बसवलं होतं, कारण त्याचा हात सगळ्यांना दिसत होता. त्यात दोघा भावांत कुरबुर होती, हेही प्रत्येकाने मला न विचारता सांगितलं. धाकटा आधी मीटर विभागात होता. कंट्रोल रूममध्ये वर्षानुवर्षं बसणाऱ्या मावशी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या, म्हणून त्यांच्या जागी त्याला बसवलं. त्याचा तो पहिलाच दिवस होता.

बारक्याशी बोलायला गेले तर त्याने तोंडात मिठाची गुळणी धरलेली. दादा खाली होता, मी सांध्यात बसवायचं पॅकिंग आणायला गाडीकडे गेलो, मागे आवाज आला, धावलो. यापलीकडे एक शब्द नाही. तुम्ही ‘पूर्ण’ दाबलंत का, असं सरळ विचारलं तर म्हणाला, नाही. मग कुणी दाबलं? त्यावर तो बुटांकडे बघत राहिला. मला माणसं खोटं बोलताना पाहायची सवय आहे. हा खोटं बोलत नव्हता, पण काहीतरी झाकून मात्र ठेवत होता.

धाकटा सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका भाड्याच्या खोलीत राहायला गेला होता. दादाच्या घरात त्याला आता जागा नव्हती. वहिनीने त्याच दिवशी दार लावून घेतलं होतं आणि तेव्हापासून एक शब्द बोलली नव्हती. त्याची दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी समोर बसले तरी तो बराच वेळ माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होता.

त्याचं सांगणं सरळ होतं. ओळ हिरवी झाली. तो दुसऱ्या भागाचं पाणी बघत होता, ते आटोपलं आणि मग त्याने हा वॉल्व्ह उघडला. वॉल्व्ह टेकडीवरच्या टाकीशी, तिथून पाणी खाली त्या रस्त्यापर्यंत यायलाही वेळ लागतो, एवढं त्याला ठाऊक होतं.

हे ऐकता ऐकता माझ्या डोक्यात हिशेब जुळला. आधी ओळ हिरवी, मग त्याचं दुसरं काम, मग वॉल्व्ह, मग पाण्याचा प्रवास. आणि पाणी पोचलं तेव्हा दादा सांधा नुकता उघडून पॅकिंगची वाट बघत होता, म्हणजे उतरून त्याला फार वेळ झालेला नव्हता. मग ‘पूर्ण’ दाबलं गेलं तेव्हा दादा खाली नव्हताच. तो वर होता, गाडीजवळ, आणि फोन त्याच्याच हातात होता.

३

पण जे काम सुरूच केलेलं नाही, ते संपलं म्हणून कोण सांगेल? आणि तेही दादासारखा माणूस?

दादाचा फोन चौकशीनंतर घरी परत दिला होता. तो मागायला मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. दाराशी अजून पुरुषांच्या चपलांचे दोन जोड होते. वहिनीने फोन आणून दिला आणि बसा म्हणाली. मी दिराचं नाव काढायच्या आधीच तिने काढलं. सासूच्या माघारी पोटच्या पोरासारखं वाढवलं, माझ्या हातचं खाऊन मोठा झाला, आणि याने काय केलं, असं ती बोलत राहिली. आवाज चढवला नाही. तो चढला असता तर मला ऐकणं सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, नवीन जागा होती, चूक होते माणसाची.

“नवीन असला म्हणून काय झालं, ताई? नुसतं हिरवं झालं म्हणून पाणी सोडायचं नसतं.”

मी मान हलवली. शोकातल्या बाईशी कुणी वाद घालत नाही. फोन घेऊन निघाले आणि त्या वाक्याचा विचारही केला नाही. हुशारी अशी वेळेला दगा देते.

दुसऱ्या दिवशी बारक्याला गाडी काढायला लावली. मी दादाच्या त्या फोनवर एक लुटुपुटीचं काम हातात घेतलं आणि एका कोरड्या चेंबरच्या शिडीवरून खाली उतरले. शिडी निसरडी, आत कुबट वास, आणि फोनची रेंज दुसऱ्या पायरीलाच गेली. खाली थोडा वेळ थांबून वर आले तर काम फोनवरून गायब. सगळी माहिती, फोटो, काही म्हणजे काही नाही. ते परत ‘कुणीच घेतलेलं नाही’ अशा कामांत जाऊन बसलं होतं.

ज्याने हे सॉफ्टवेअर केलं त्याचा हेतू चांगला होता, हे मला नंतर कळलं. फिटरचा संपर्क तुटला तर काम अडकून पडू नये, दुसऱ्या पथकाला ते मिळावं, म्हणून तशी सोय होती. फक्त दुरुस्ती पथकाची अर्धी कामं जमिनीखाली असतात आणि जमिनीखाली रेंज नसते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं.

“असं रोज होतं?” मी बारक्याला विचारलं.

“व्हायचं,” तो म्हणाला, आणि लगेच जीभ चावली.

व्हायचं. म्हणजे आता होत नव्हतं. मग काय करत होते हे लोक?

४

ते मला कुणी सांगितलं नाही, मी बघितलं. मावशी कामावर परत आल्या होत्या. मी त्यांच्या शेजारी खुर्ची टाकली. मावशी गोड बोलणाऱ्या, डोळ्यांना अजून काळा चष्मा, आणि दर थोड्या वेळाने माझ्या पुढ्यात चहा. एक ओळ पिवळी झाली, त्यांनी पाणी बंद केलं. थोड्याच वेळात ती ओळ हिरवी झाली. मावशींनी चष्मा पुसला, मला त्यांच्या ऑपरेशनची गोष्ट सांगितली, मुलीच्या सासूची दुसरी एक गोष्ट सांगितली. ओळ हिरवीच, आणि वॉल्व्हला त्यांनी बोटही लावलं नाही.

मी न राहवून म्हटलं, “मावशी, हिरवी झाली की.”

“होऊ दे. फोन यायचाय अजून.”

बोलल्या आणि हात तसाच हवेत राहिला. आपण काय बोललो ते त्यांना उशिरा कळलं. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडून कुणीतरी ‘आलो वर’ म्हणालं, आणि मग मावशींनी वॉल्व्ह उघडला. त्यांच्या गालांवरून पाणी यायला लागलं. डॉक्टरांनी रडू नका सांगितलंय, असं म्हणून त्या रडत राहिल्या.

मग मी सुपरवायझरच्या खोलीत सगळ्यांना बोलावलं. मावशी, बारक्या, आणि सुपरवायझरला सांगून धाकटाही. तो दारातच उभा राहिला, कुणी बस म्हटलं तरी बसला नाही.

मी सांगायला सुरुवात केली. खाली उतरलं की काम फोनवरून पुसलं जायचं. फोन वर गाडीत ठेवला तरी थोड्या वेळाने त्याची स्क्रीन बंद होऊन संपर्क तुटायचा, आणि मग तेच. वर येऊन सगळं पुन्हा भरा, कधी तर तेच काम दुसऱ्या पथकाला गेलेलं, मग वरून बोलणी. या जाचाला कंटाळून कुणीतरी शक्कल काढली. उतरायच्या आधीच ‘पूर्ण’ दाबायचं, म्हणजे पुसायला काही उरतच नाही. मग निवांत खाली जायचं आणि वर आलं की कंट्रोल रूमला फोन करायचा. फोन येईपर्यंत मावशी पाणी सोडणार नाहीत. वर्षानुवर्षं हे बिनचूक चाललं. इतकं बिनचूक, की इथे हिरव्या ओळीचा अर्थ ‘काम झालं’ असा उरलाच नव्हता. हिरवी म्हणजे माणूस खाली उतरतोय. हे सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त सॉफ्टवेअरला आणि साहेबांना नाही. आणि त्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही.

“म्हणजे ‘पूर्ण’ दादानेच दाबलं,” सुपरवायझर हळूच म्हणाला.

“नेहमीसारखं. आणि फोन गाडीत ठेवून उतरला, नेहमीसारखा.”

बारक्याने तोंड ओंजळीत धरलं. ती शक्कल दादाचीच होती, पथकातल्या पोरांची बोलणी वाचावीत म्हणून त्याने काढलेली. हे सांगितलं असतं तर स्वतःच्या चुकीने मेला असं लोक म्हणाले असते. मेलेल्या माणसाला नावं ठेवलेली बारक्याला चालली नसती, मावशींनाही नाही. म्हणून दोघं गप्प बसले, आणि जिवंत माणसाला लोकांनी हवी ती नावं ठेवली. मला त्यांचा राग आला. तो फार वेळ टिकला नाही, कारण त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

“मग याला सांगितलं का नाही कुणी?” सुपरवायझरने धाकट्याकडे बोट केलं.

मावशी म्हणाल्या, दुसरं कुणी येणार असतं तर दहादा सांगून गेले असते. पण हा दादाचा सख्खा भाऊ, एका घरात राहणारा. त्याला आपण काय सांगायचं? बारक्यालाही हेच वाटलं होतं. सगळ्या पथकाला हेच वाटलं होतं.

धाकटा पहिल्यांदाच बोलला.

“तो माझ्याशी धड बोलत नव्हता. मीटरवरून उठून खुर्चीत बसायला निघालो म्हणून. एवढं एक वाक्य सांगायचं होतं त्याने. तेवढाही मी नकोसा झालो होतो का?”

 सुपरवायझर उठून त्याच्याजवळ गेला आणि उद्यापासून कामावर ये म्हणाला. धाकट्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याची नोकरी मी सोडवली होती. ज्यात तो खरा अडकला होता ते तसंच राहिलं.

५

अहवाल लिहायला बसले, तेव्हा ते वाक्य माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. नुसतं हिरवं झालं म्हणून पाणी सोडायचं नसतं.

वहिनीला हे कसं ठाऊक? कार्यालयाने घरी फक्त ‘तांत्रिक बिघाड’ एवढंच कळवलं होतं. दिराचं तिने तोंड पाहिलं नव्हतं. बारक्या आणि मावशी तर माझ्यापुढेही बोलायला तयार नव्हते. हिरवं झालं तरी थांबायचं असतं, हे जगात फक्त पथकाला माहीत होतं. मग तिला सांगणारा एकच माणूस उरतो, आणि तो असता तर मी त्या घरात गेलेच नसते.

फोन परत द्यायचं निमित्त करून मी गेले. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. मी काय विचारायला आले ते तिला कळलं असावं.

तिने सांगितलं ते असं. दोघे भाऊ जेवायला बसले की खात्यातल्या गोष्टींवरून जुंपायची. दादाला वाटे, धाकट्याने आपल्यासारखं हाताचं काम शिकावं. धाकट्याला खुर्ची हवी होती. शब्दाने शब्द वाढायचा, एक जण ताटावरून उठायचा. शेवटी तिने नियम केला. उंबऱ्याच्या आत कामाचा विषय काढायचा नाही. दोघांनीही तो पाळला, आणि घर खरोखर शांत झालं. तिला त्याचा अभिमान होता.

आदल्या संध्याकाळी दादा स्वयंपाकघरात तिच्याशी बोलत उभा होता. उद्या हा मावशींच्या जागी बसणार, याला सांगायला हवं, नुसतं हिरवं झालं म्हणून पाणी सोडायचं नसतं, फोनची वाट बघायची असते. तिने अर्धंमुर्धं ऐकलं. मग धाकटा आला, पानं वाढली. दादाने ‘अरे, उद्या तू’ असं म्हणायला तोंड उघडलं.

“मी म्हटलं, घरात कामाचं नको, जेवा आधी. हसले. म्हणाले, बरं बाई, सकाळी सांगतो.” मग म्हणाली, “सकाळी भावोजी लवकर निघून गेले. पहिला दिवस म्हणून.”

तिने दाराशी ठेवलेल्या चपलांकडे पाहिलं. 

“मला त्याच दिवशी कळलं होतं, ताई. माणसं सांगत आली तेव्हाच. पण मग मी कशी जगणार होते? ते दार लावलं तेव्हा निदान कुणीतरी बाहेर होतं, ज्याच्यावर टाकता येत होतं.” मग तिने विचारलं, “हे तुम्ही त्या अहवालात लिहिणार?”

मी म्हटलं, माझा अहवाल सॉफ्टवेअरचा आहे. त्यात घरातल्या गोष्टी येत नाहीत. आणि मग, सांगू नये असं वाटत असतानाही, धाकट्याने त्या खोलीत काय विचारलं ते तिला सांगितलं. तो विचारतो, तेवढाही मी नकोसा झालो होतो का?

 तिने उठून पायात चपला घातल्या.

सायकलच्या दुकानापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो.  मी जिन्यातच थांबणार होते, पण तिने माझा हात धरून वर नेलं. धाकट्याने दार उघडलं आणि वहिनीला पाहून तो मागे सरला, जणू मार बसणार आहे.

“भावोजी, ते तुमच्यावर रागावले नव्हते,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “त्यांना तुम्हाला सांगायचं होतं. ताटावर बसून सांगत होते. मी बोलू दिलं नाही.”

तिने सगळं सांगितलं, स्वयंपाकघरातलं, ताटावरचं, सकाळचं. काही वगळलं नाही. धाकटा ऐकत होता, आणि त्याचा चेहरा आधी सैल झाला. भाऊ परत मिळाल्यासारखा. मग हळूहळू त्याला बाकीचं कळत गेलं. हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि तरी तिने त्याला महिनाभर भावाचा मारेकरी म्हणून या खोलीत राहू दिलं होतं.

“घरी चला,” ती म्हणाली.

त्याने खाली बघितलं. खालच्या दुकानात कुणीतरी चाक फिरवून बघत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

“तुम्ही जा, वहिनी,” तो म्हणाला. रागाने नाही. आजाऱ्याशी बोलावं तसं. “मला आज जमणार नाही.”

आम्ही खाली उतरलो. रस्त्यावर आल्यावर तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “येतील ना हो ते?”

“येतील,” मी म्हटलं.

एवढ्या सगळ्या तपासात पुरावा नसताना मी केलेलं ते एकच विधान होतं.